बाळाचा रिपोर्ट, घरादाराची तपासणी

दूध पिताना घामाघूम होणारं बाळ समोर आलं की माझं लक्ष आधी त्याच्या हृदयाकडे जातं. हे बाळ दोन महिन्यांचं होतं. चार घोट घेतले की दमायचं, तोंड फिरवायचं, बरगड्यांखाली खड्डे पडतील इतका जोरात श्वास घ्यायचं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा ११ मिलिमीटर जाड! या वयात तो ४ च्या आसपास असतो. डावा कप्पा इतका आक्रसलेला, की त्यात रक्त भरायला जागाच नव्हती. आईला मधुमेह असेल तर बाळाचं हृदय जाड होतं खरं, पण ते काही महिन्यांत ओसरतं. आणि इथे आईला मधुमेह नव्हताच. हृदयाच्या स्नायूत साखरेचा साठा होऊन तो जाड होतो, त्या पॉम्पे या जनुकीय आजाराची शंका मी तातडीने तपासली, कारण त्यावर २००६ पासून एन्झाइमचं औषध आहे. तीही तपासणी नॉर्मल आली.

मग जनुकीय रिपोर्ट आला. एमवायबीपीसी३ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाला लगाम घालणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

"गरोदरपणात माझं काही चुकलं का?" आईने विचारलं. हा प्रश्न आईच विचारते, आणि दर वेळी माझ्या पोटात तुटतं. नाही, काहीही चुकलेलं नाही, हे मी तिला तिच्या नवऱ्यासमोर, मुद्दाम दोनदा सांगितलं. दोन्ही प्रती निकामी असलेली बरीचशी बाळं हृदयप्रत्यारोपणाशिवाय पहिला वाढदिवस पाहत नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगावं लागलं. हृदयाची गती कमी करणारं प्रोप्रानोलॉल हे औषध सुरू केलं, प्रत्यारोपण केंद्राला कळवलं.

एक बिघडलेली प्रतही हृदय जाड करू शकते, म्हणून त्याच दुपारी आई-वडिलांचे इको केले. आईचा नॉर्मल आला. तरी तो ठरावीक काळाने पुन्हा करायचा, कारण हृदय जाड होण्याचा हा आजार पन्नाशीतही डोकं वर काढतो. वडिलांचा पडदा मात्र जाड, १७ मिलिमीटर निघाला.

"पण मी तर रोज पळतो, डॉक्टर. मला काहीच होत नाही."

पळणं आजपासून थांबवा, म्हटलं, हृदयाचे ठोके तपासल्याशिवाय नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात असंच बाळ होण्याची शक्यता २५ टक्के आहे, आणि जनुकाची तपासणी गर्भातही करता येते, हे मी कागदावर काढून समजावलं. वडिलांनी तिथूनच आपल्या धाकट्या भावाला फोन लावला आणि इको करून घ्यायला सांगितलं. थोरल्या मुलीची वेळ आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची ठरवली.