मुळाशी नळी नसलेली झाडं

नागपंचमी, 29 जुलै 2025

पहाटे पागोळ्यांनी जाग आली. अबू धाबीत जाग येते ती एसीच्या घरघरीने, आणि तीही इतकी अंगवळणी पडलेली की बंद पडला तरच ऐकू येतो. इथे कौलांवरून पडणारं पाणी खळ्यातल्या दगडावर एका लयीत वाजत होतं. मी बराच वेळ तशीच पडून राहिले. लेक पांघरूण गुंडाळून झोपली होती. जुलै महिन्यात गोधडी! तिला याचं फार अप्रूप वाटतंय.

सात वर्षांनी पावसाळ्यात माहेरी आलेय. शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टातच असते, पण तेव्हा तिकिटं परवडत नाहीत, म्हणून आम्ही आपले डिसेंबरात येतो. डिसेंबरात देवरुख छान असतं, पण ते हे नव्हे. परवा गाडीने चिपळूण सोडलं आणि मी खिडकीला जे नाक लावलं ते संगमेश्वर येईपर्यंत काढलं नाही. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी हळू चालते, त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

आज चिरायचं नाही, भाजायचं नाही, तवा ठेवायचा नाही. हळदीची पानं आईने कालच परसातून काढून ठेवली होती. वहिनी पानावर तांदळाचं पीठ थापत होती, मी गूळखोबऱ्याचं सारण भरून पान दुमडत होते. मोदकपात्राचं झाकण उघडलं आणि तो वास आला. तिकडे मी दोनदा केळीच्या पानावर पातोळ्या केल्या. चव जमते, पण हा वास कुठून आणणार? पहिली पातोळी नैवेद्याला गेली, दुसरी मी उभ्या उभ्याच खाल्ली. आई काही बोलली नाही, नुसती तुपाची वाटी पुढे सरकवली.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा दादाबरोबर पाणंदीने सड्यावर गेलो. लावणी आटोपलीय, आवणं मुळं धरून उभी राहिलीत. गडग्याच्या प्रत्येक चिरेतून काहीतरी उगवलंय, नेचे, तेरडा, नाव माहीत नसलेल्या वेली. वर कातळावर सीतेची आसवं नुकती फुलायला लागलीत, नखाएवढी, निळीजांभळी. लेक गुडघे टेकून बघत बसली.

आणि मी? माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बघतेय. काळी नळी शोधतेय.

अबू धाबीत रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाच्या मुळाशी ती असते. ठिबकाची. शुद्ध केलेलं सांडपाणी त्या नळ्यांतून झाडांना देतात, पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं. तिथलं हिरवं म्हणजे कुणीतरी रोज राखलेलं हिरवं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते, म्हणून आमच्या इमारतीसमोरचा माळी पहाटेच येतो. मी डबे भरत असते तेव्हा खिडकीतून तो दिसतो, नळ्यांची तोंडं एकेक करून साफ करत. त्याच्यामुळे मला त्या चार कण्हेरींबद्दल जी माया वाटते, ती इथल्या अख्ख्या रानाबद्दल लहानपणी कधी वाटली नव्हती. इथे हिरवं असायचंच. त्याच्याकडे बघावं लागतं, हे मला वाळवंटात गेल्यावर कळलं.

तिथे उन्हाळ्यात नळाला गार पाणी येत नाही, गच्चीवरच्या टाक्या तापतात. आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठलेलं पाणीच अंघोळीला घेतो, ते जरा कमी गरम असतं म्हणून. हे सांगितल्यावर वहिनी हसली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही भरपूर भिजून घ्या." मी आणि लेक संध्याकाळी पऱ्यावर जाऊन खरंच भिजलो. पाणी बर्फासारखं होतं.

आईचा पावसाळा मात्र वेगळा आहे, तेही लिहून ठेवते. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, चुलीवरच्या दांडीवर धुराचा वास घेत लोंबत असतात. तिकडे माझी चादर तासाभरात कडकडीत होते. खळ्यातल्या शेवाळावरून बाबा गेल्या वर्षी घसरले, तेव्हापासून ती दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खळं घासते. आणि 22 जुलै 2021. चिपळुणात पूर आला, वहिनीच्या माहेरचा फोन दोन दिवस लागत नव्हता. मी अबू धाबीत फोन हातात धरून बसले होते, बाहेर कोरडं निळं आकाश. म्हणून पाऊस नुसता सुंदर आहे असं मी या घरात बोलत नाही.

रात्री पडवीत बाबांना घाफबद्दल सांगितलं. यूएईचं राष्ट्रीय झाड. अल ऐनच्या रस्त्याला वाळूत एकेकटं उभं असतं, मुळं पार खोल पाण्यापर्यंत गेलेली. त्याखाली उंट बसतात, आम्हीही डबा खायला थांबतो. मी हळूच म्हटलं, "बाबा, ती आपली शमी आहे. तेच झाड."

बाबा क्षणभर गप्प. परसात त्यांनी गणपतीच्या पत्रीसाठी शमी लावलीय, पंधरा वर्षं झाली, अजून माझ्या खांद्याएवढीच. पाणी मानवत नाही तिला इथलं. दर पावसाळ्यात ते तिच्या मुळाशी चर खणून पाणी बाहेर काढतात. आज नागपंचमी, खणायचं नाही, म्हणून सकाळपासून त्यांचं लक्ष तिकडेच होतं.

"म्हणजे तिकडे माणसासारखी वाढते तर," ते म्हणाले. मग बॅटरी घेऊन, छत्री न घेताच, परसात गेले. मी मागोमाग. बॅटरीच्या उजेडात ते बुडाशी साचलेलं पाणी बघत राहिले.

"गेलीस की फोटो पाठव त्या झाडाचा," ते म्हणाले. "बुंध्यापासून घे. पूर्ण दिसलं पाहिजे."