एचआयव्ही जिनोममध्ये कुठे बसतो ते बघताना: माझा अनुभव

प्रश्न ऐकायला साधा होता. एचआयव्ही स्वतःचा डीएनए आपल्या क्रोमोसोममध्ये जिथे घुसवतो, त्या जागेच्या आसपास ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जीन्स चालू-बंद करणारी प्रोटीन्स, जरा जास्तच बसलेले असतात का? पब्लिश झालेल्या इंटिग्रेशन साइट्सची (व्हायरस घुसलेल्या जागांची) यादी घ्यायची, चिप-सीकचे (कुठलं प्रोटीन डीएनएवर कुठे बसलंय ते शोधायची पद्धत) पीक्स म्हणजे त्यात सापडलेल्या जागा घ्यायच्या, अंतर मोजायचं, झालं. मला वाटलं दोन आठवड्यांचं काम, गेले सहा महिने.

पहिल्याच रनला ओव्हरलॅप शून्य आला. एका फाइलमध्ये क्रोमोसोमच्या नावाआधी सीएचआर होतं, दुसरीत नुसता आकडा. हे लगेच सापडलं कारण शून्य डोळ्यात खुपतं. खरा त्रास झाला तो साइट्स एचजी१९ वर आणि पीक्स एचजी३८ वर होते त्याचा (या मानवी जिनोमच्या नकाशाच्या दोन आवृत्त्या, एकाच जागेचे आकडे दोन्हीत वेगळे), कारण तिथे शून्य येत नाही, बरे दिसणारे आकडे येतात आणि ते सगळे चुकीचे असतात. मी ते ग्राफ गाईडना दाखवूनही झाले होते. तेव्हापासून कुठलीही यादी आली की आधी चारपाच साइट्स जिनोम ब्राउझरमध्ये हाताने उघडून बघते.

मग सगळं नीट लिफ्टओव्हर करून, म्हणजे एकाच आवृत्तीवर आणून, परत चालवलं तर जवळपास प्रत्येक फॅक्टर सिग्निफिकंट! एसपी१, सीटीसीएफ, जे टाकेन ते. आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा आला, कारण सगळंच खरं कसं असेल. गाईडनी एवढंच विचारलं, "तुलना कशाशी केलीस?" मी अख्ख्या जिनोममधून रँडम जागा उचलल्या होत्या, आणि इथेच सगळी मेख होती. एचआयव्हीला चालू जीन्स आवडतात हे २००२ पासून माहीत आहे, तेव्हाच्या ५२४ साइट्सपैकी ६९ टक्के जीन्सच्या आत होत्या. इंटिग्रेजला (व्हायरसचा डीएनए घुसवणाऱ्या त्याच्या एन्झाइमला) धरून ठेवणारा एलईडीजीएफ हा आपल्याच पेशीतला प्रोटीन त्याला जीनच्या अंगावर, एच३के३६एमई३ ही चालू जीन्सवरची रासायनिक खूण असलेल्या भागात नेतो आणि सीपीएसएफ६ हा दुसरा प्रोटीन जीन्सची गर्दी असलेल्या भागात. त्या गर्दीत प्रोमोटर, एन्हान्सर (जीन चालू करणारे डीएनएचे तुकडे) सगळंच जवळजवळ असतं, मग ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर जवळ दिसणारच की.

शिवाय आमच्या बऱ्याच साइट्स एमएसई१ एन्झाइमने डीएनए कापून काढलेल्या. ते डीएनएमध्ये टीटीएए ही चार अक्षरं येतात तिथेच कापतं, म्हणजे टीटीएए पासून लांब पडलेल्या साइट्स हाताला कमी लागतात. म्हणून प्रत्येक खऱ्या साइटसाठी टीटीएए पासून तितक्याच अंतरावरच्या रँडम जागा घेतल्या, आणि मग अजून कडक कंट्रोल लावला, तसल्याच चालू जीनच्या आतली, ट्रान्सक्रिप्शन (जीन वाचणं) जिथून सुरू होतं तिथून साधारण तेवढीच लांब जागा. बहुतेक सिग्नल विरघळला. दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. मग तीच पाइपलाइन एमएलव्ही या उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर चालवली, तो बीआरडी४ सारख्या बीईटी प्रोटीन्सना धरून प्रोमोटर-एन्हान्सरपाशी जातो, आणि तिथे सिग्नल ठणठणीत टिकला. म्हणजे पद्धत बरोबर होती आणि एचआयव्हीचं उत्तर खरंच वेगळं होतं.

एक तक्रार मात्र आहे, चिप-सीकचा ढीगभर डेटा के५६२ आणि जीएम१२८७८ या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचा, आणि एचआयव्ही घुसतो टी पेशींत, यातली एकही टी पेशी नाही! माझे निम्मे फॅक्टर यासाठी काढून टाकावे लागले.

शेवटी बीएसीएच२ या जीनने अडवलं. त्या एका जीनवर साइट्सचा पुंजका, जवळपास सगळ्या जीनच्याच दिशेने आणि कोडिंग भागाच्या (ज्यावरून प्रोटीन बनतं त्याच्या) आधीच्या इंट्रॉन्समध्ये, म्हणजे जीनमधल्या कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांमध्ये. उघडून बघितलं तर त्या सगळ्या एचआयव्हीवरचे उपचार चालू असलेल्या पेशंट्सच्या पेशींमधल्या निघाल्या. तिथे व्हायरस जास्त घुसतो असं नाही, तिथे घुसलेल्या पेशी टिकतात आणि वाढतात, आणि मी त्या ताज्या इन्फेक्शनच्या साइट्समध्ये मिसळून टाकल्या होत्या. आता यादीत एक कॉलम वाढवलाय, इन्फेक्शननंतर किती दिवसांनी डीएनए काढला त्याचा, आणि एकेक पेपर उघडून तो भरतेय.