जुळ्यांच्या लाकडी मूर्ती आणि माझा अर्धवट संग्रह

माझ्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, २६ सेंटिमीटर उंचीची एक लाकडी बाई उभी आहे. तिचे हात मांड्यांना टेकलेले असून पाय आखूड आहेत, डोके संपूर्ण उंचीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे, आणि शंकूसारख्या उंच केशरचनेच्या खाचांतून निळा रंग साचलेला दिसतो. नाक झिजून सपाट झाले आहे. नोकरीनिमित्त नायजेरियातील लागोसला गेल्यावर पहिल्याच वर्षी मी ती तिथल्या लेक्की भागातील हस्तकला बाजारात, उत्तरेकडच्या हौसा समाजातील एका व्यापाऱ्याकडून घेतली. ‘ओगा (म्हणजे साहेब), ही शंभर वर्षांची आहे,’ असे त्याने सांगितले, आणि त्या सपाट नाकाकडे पाहून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आज तिच्या तळाला मी चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘नवीन, जुनी म्हणून विकलेली’ असे शब्द आहेत. ती चिठ्ठी लिहिण्याइतकी समज येण्यास मला साडेतीन वर्षे लागली, आणि एवढ्या काळात मी काय गोळा करायला निघालो होतो हेही हळूहळू लक्षात आले.

या मूर्तींना एरे इबेजी म्हणतात. एरे म्हणजे मूर्ती आणि इबेजी म्हणजे जुळे. नैर्ऋत्य नायजेरिया आणि त्याला लागून असलेला बेनिन देशाचा भाग हा योरुबा लोकांचा मुलूख, आणि जगात जुळ्यांचे प्रमाण जिथे सर्वांत जास्त आढळते अशा प्रदेशांत त्याची गणना होते. ओयो राज्यातील इग्बो-ओरा या गावी दर हजार बाळंतपणांमागे चाळीसहून अधिक जुळी जन्मल्याच्या नोंदी आहेत. गावकरी त्याचे श्रेय भेंडीच्या पाल्याच्या कालवणाला आणि सुरणासारख्या याम या कंदाला देतात. विक्रेते आणि लिलावगृहे या मूर्तींना सर्रास ‘आदिवासी कला’ म्हणतात. मीही सुरुवातीला तेच म्हणत असे. परंतु ज्या समाजाची संख्या चार कोटींच्या वर आहे, ज्याच्या इले-इफे या नगरीत साताठशे वर्षांपूर्वी धातूचे अप्रतिम मुखवटे आणि मस्तके ओतली जात होती, आणि ज्याने इबादानसारखे महानगर वसवले, त्याच्या शिल्पकलेला हा शब्द लावणे म्हणजे चोळांच्या कांस्यमूर्तींना ‘खेड्यातली कारागिरी’ म्हणण्यासारखे आहे.

योरुबा घरात जुळी झाली की त्यांची नावे ठरलेलीच असतात. आधी जन्मलेल्याचे नाव ताइवो, म्हणजे जगाची चव घेण्यास पहिला आलेला, आणि नंतर जन्मलेल्याचे केहिंदे, म्हणजे मागाहून आलेला. मौज अशी की त्यांच्या समजुतीप्रमाणे केहिंदे हाच थोरला असतो. जग राहण्याजोगे आहे की नाही हे पाहून येण्यासाठी त्याने धाकट्याला पुढे धाडलेले असते, आणि थोरल्याने धाकट्यास कामाला पाठवणे हे त्या समाजात, आपल्यासारखेच, स्वाभाविक मानले जाते. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्याला इदोवू आणि त्याच्याही पाठच्याला अलाबा म्हणतात. आमच्या कचेरीतील हिशेबनीस बाई स्वतः जुळ्यांपैकी एक होत्या आणि नाव सांगताच त्यांचा जन्मक्रम समोरच्याला कळत असे.

जुळ्यांचा जीव दोघांत मिळून एकच असतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून जुळ्यांपैकी एक दगावले, आणि पूर्वी ही गोष्ट वारंवार घडे, तर गेलेल्याने उरलेल्याला बोलावून घेऊ नये यासाठी आईवडील बाबालावोकडे, म्हणजे इफा या पारंपरिक पद्धतीने कौल लावणाऱ्या पुरोहिताकडे जात. त्याच्या सल्ल्याने मूर्तिकार ठरे आणि मूर्ती घडवली जाई. मूर्ती मृत मुलाच्याच लिंगाची, पण शरीर मात्र प्रौढाचे. बालपणीच गेलेली मुलगी लाकडात भरल्या अंगाची बाई होऊन उभी राही. गालांवर घराण्याच्या खुणेच्या रेघा कोरल्या जात. त्यानंतर आई त्या मूर्तीचे सगळे जिवंत मुलासारखेच करी: तिला न्हाऊ घाली, अंगाला तेलात कालवलेली ओसुन नावाची तांबडी लाकडाची पूड चोळी, चवळीसारख्या कडधान्याचा घास ओठांना लावी, कमरेच्या वस्त्रात खोचून बरोबर नेई. चवळी हे जुळ्यांचे आवडते अन्न मानले जाते. आई म्हातारी झाल्यावर हे काम उरलेल्या भावंडाकडे किंवा घरातील दुसऱ्या बाईकडे जाई.

या मूर्तींवरच्या दोन गोष्टी पाहून मला परक्या देशात घरचे कोणी भेटल्यासारखे झाले. एक म्हणजे निळा रंग. पूर्वी केसांना स्थानिक निळीचा रंग देत. पुढे इंग्रजी अमलात रेकिट कंपनीची, कपड्यांना घालायची नीळ बाजारात आली आणि बायका तीच वापरू लागल्या. माझ्या आईने बाबांच्या धोतरांना आयुष्यभर रॉबिन ब्लू घातली. तीही त्याच कंपनीची. दुसरी गोष्ट म्हणजे कवड्या. श्रीमंत घरच्या मूर्तीला कवड्या शिवलेला अंगरखा घालीत, कारण त्या प्रदेशात कवडी हे चलन होते आणि तिचा फार मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होत असे. तुळजापूरच्या आराधी बाईच्या गळ्यातील माळ आणि ओयोच्या लाकडी मुलाचा अंगरखा हे दोन्ही एकाच समुद्रातून निघाले आहेत.

टाकांची आठवणही होणे अपरिहार्य होते. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी घराण्यातील एका पूर्वजाचा चांदीचा टाक होता, इतका घासलेला की चेहऱ्याच्या जागी केवळ एक उंचवटा उरला होता. टाक आणि इबेजी एक नव्हेत. पहिल्यात पूर्वज असतो आणि दुसऱ्यात मूल, आणि हा फरक लहान नाही. तरीही रोजच्या स्नानाने चेहरा पुसला जाणे म्हणजे काय हे मला लागोसला जाण्याआधीच ठाऊक असायला हवे होते. लेक्कीच्या बाजारात ते आठवले असते तर माझे पैसे वाचले असते.

त्याचे कारण असे. कचेरीतील बाई एकदा घरी जेवायला आल्या असता मी मोठ्या अभिमानाने मूर्ती त्यांच्या हाती दिली. त्यांनी नाकाकडे पाहिलेही नाही. मूर्ती उलटी करून त्यांनी काखेत बोट फिरवले, मानेमागे फिरवले, गळ्यातील मण्यांची माळ वर सरकवून खालचे लाकूड पाहिले आणि म्हणाल्या, ‘हिला कुणी कधी न्हाऊ घातलेलेच नाही.’ मग त्यांनी मला समजावून सांगितले. न्हाऊ घालणारा हात ठरावीक ठिकाणीच पोचतो. कपाळ, भुवया, नाक, गाल, ओठ आणि पोट झिजते. काख, मांड्यांमधली जागा, कानांच्या मागचा भाग हे सर्व तासल्यासारखे धारदार राहते आणि तिथे तांबड्या पुडीचा थर वर्षानुवर्षे साचत जातो. माळ ज्या जागी घासते तिथे लाकडाला वेगळीच चकाकी येते आणि माळेखालचा रंग बाकीच्या अंगापेक्षा निराळा असतो. माझ्या मूर्तीच्या माळेखाली आणि माळेबाहेर एकच रंग होता, काखेत पुडीऐवजी बुटाचे पॉलिश होते, आणि भिंगातून पाहिल्यावर नाकावर सँडपेपरच्या एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. नकली वस्तू करणारे लाकूड वाळवीच्या वारुळाजवळ पुरतात, धुराला टांगतात, परमँगनेटच्या पाण्यात बुडवतात, हे सर्व मी नंतर शिकलो.

त्यानंतर सुमारे वर्षभर मी खरी मूर्ती शोधत होतो, हे कबूल केले पाहिजे. लागोसच्या ओनिकान भागातील राष्ट्रीय संग्रहालयात मी इतक्या वेळा गेलो की दारावरचा माणूस मला ओळखू लागला. १९५७ साली सुरू झालेले हे संग्रहालय उभे करणारे केनेथ मरे हे मुळात १९२७ साली नायजेरियात आलेले इंग्रज चित्रकला शिक्षक होते. देशातील वस्तू बाहेर चालल्या आहेत हे पाहून त्यांनी जन्मभर त्या गोळा करण्याचा आणि त्यांसाठी कायदा करवून घेण्याचा ध्यास घेतला. तिथेच मी अबेओकुटा, ओयो, इजेबू आणि इग्बोमिना या भागांच्या शैलींमधील फरक पाहायला शिकलो. मुसलमान घरांसाठी घडवलेल्या काही मूर्तींच्या छातीवर ताइताचा त्रिकोण कोरलेला असतो. नवा धर्म आला तरी जुळ्यांची काळजी सुटली नव्हती.

आणि तिथेच मला कायद्याचा तो परिच्छेद वाचायला मिळाला. पुरावस्तूंच्या निर्यातीवर नायजेरियात १९५३ पासून बंधने होतीच. १९७९ च्या कायद्याने पुरावस्तूची व्याख्या अशी केली की १९१८ पूर्वी घडवलेली देशी कलावस्तू तर त्यात येतेच, पण ऐतिहासिक, कलात्मक किंवा शास्त्रीय महत्त्वाची जी वस्तू पारंपरिक विधीत कधीही वापरली गेली असेल तीही येते, मग ती कितीही अलीकडची असो. अशा वस्तूंची खरेदी सरकारमान्य प्रतिनिधींपुरतीच मर्यादित आहे आणि परवान्यावाचून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. भारतातला १९७२ चा कायदा मला ठाऊक होता. त्याचा भर वयावर आहे, वस्तूने शंभर वर्षे ओलांडली पाहिजेत. नायजेरियाच्या व्याख्येत वापर मोजला जातो. म्हणजे ज्या झिजेने मूर्ती खरी ठरते त्याच झिजेने ती माझ्या कपाटाच्या बाहेर राहते. न्हाऊ घातलेली मूर्ती मला नेता येत नाही, आणि जी नेता येते तिला कुणी न्हाऊ घातलेले नसते.

मला आधी याचा रागच आला. संग्राहकाला असा राग येतो, आणि तो फारसा शोभिवंत नसतो. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धाच्या धामधुमीत आणि त्याच्या आगेमागे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी वाटेल तितके नेले, मग एका मूर्तीने काय बिघडणार आहे, असा युक्तिवाद मी स्वतःशीच अनेकदा केला. तो राग ओसरण्याचे कारण कायदा नव्हते. बाईंनी एकदा आपल्या आईच्या घरी नेले. आजीच्या दोन एरे इबेजी कुठे गेल्या असे मी विचारले, तेव्हा आईने सांगितले की घरातील पुरुषांपैकी एकाने चर्चमध्ये जाऊ लागल्यावर त्या एका फिरत्या व्यापाऱ्याला दिल्या; किती पैसे आले ते कुणी विचारले नाही. त्यांच्या जागी कपाटावर दोन प्लास्टिकच्या बाहुल्या होत्या, गोऱ्या रंगाच्या, बाजारात मिळतात तशा, आणि त्यांच्या कमरेला मण्यांचे सर होते. भिंतीवर एक छायाचित्र होते, त्यात दोन मुली शेजारी बसलेल्या होत्या. निरखून पाहिले तेव्हा ध्यानात आले की मुलगी एकच आहे. दुसरी गेल्यानंतर पहिलीचेच चित्र दोनदा छापून जुळी पुरी केली आहेत. असे छायाचित्र काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात त्या भागात रूढ होती, आणि जुळी मुलगा-मुलगी असतील तर जिवंत मूल एकदा स्वतःच्या आणि एकदा भावंडाच्या कपड्यांत बसत असे.

त्या भेटीनंतर मी खुल्या मनाने नवीन मूर्ती घेऊ लागलो. त्यात काही कमीपणा नाही. योरुबा मूर्तिकारांची घराणी आपल्या सुतार-तांबटांच्या घराण्यांसारखी पिढ्यान्‌पिढ्या चालतात. लामिदी फाकेये हे अशाच घराण्यातले. अरेओगुन या थोर मूर्तिकाराच्या मुलाच्या, बांदेले यांच्या हाताखाली ते शिकले, इले-इफेच्या विद्यापीठात त्यांनी शिकवले, आणि २००९ साली त्यांचे निधन झाले. ओयोजवळच्या एका कारागिराकडे मी दोन दिवस बसून होतो. ओल्या लाकडाच्या एका ठोकळ्यातून वाकसाने आधी डोके, धड आणि पाय एवढेच मोकळे होतात. मग चेहऱ्याचे उंचसखल भाग येतात, त्यानंतर सुरीने तासून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि डोळे, केस, गालांवरच्या रेघा सर्वांत शेवटी. सांधा कुठेच नसतो. त्याने तळाशी स्वतःचे नाव कोरून दिले, जे जुन्या मूर्तींवर जवळजवळ कधीच नसते. देश सोडताना या नव्या मूर्तींसाठीही ओनिकानच्या संग्रहालयातून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घेतला, तो विमानतळावर मागण्यात आला आणि दाखवताच पुढे जाऊ दिले गेले.

पुण्यात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका मूर्तीतून पिठासारखा भुसा पडू लागला. कीड लागली होती. जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून मूर्ती दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवणे हा संग्रहालयांतूनही वापरला जाणारा उपाय मी केला. ‘अहो, मटारच्या पिशवीशेजारी हे मूल कुणाचे?’ या प्रश्नाला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

माझ्याकडे आज अशा सात मूर्ती आहेत. प्रत्येकीखाली गाव, साल, दिलेली किंमत आणि कारागिराचे नाव आहे. फक्त त्या पहिल्या बाईखाली नाव नाही.

गेल्या महिन्यात युरोपातील एका लिलावात खरीखुरी इबेजीची जोडी आली होती. इंटरनेटवरील मोठ्या छायाचित्रांत सगळे दिसत होते: पुसट झालेले ओठ, काखेतला तांबडा थर, एकीच्या कमरेवर माळेने पाडलेली खाच. किंमत माझ्या आवाक्यात होती. वस्तूचा इतिहास म्हणून एकच ओळ दिलेली होती, ‘नायजेरियात खरेदी, १९८०चे दशक’. मी ते पान दोन संध्याकाळी उघडे ठेवले आणि तिसऱ्या दिवशी लिलाव झाला तेव्हा बोली लावली नाही. छायाचित्रे मात्र उतरवून घेतली, आणि त्यांतले एक, जोडीचे, छापून आणले आहे.