आमची वाटचाल : न झिजणाऱ्या ब्रेकचं गॅरेज

गेल्या गणपतीत एका गिऱ्हाइकाने बिल हातात धरून विचारलं, "पॅड बदलले नाहीत, डिस्क बदलली नाही, मग पैसे कशाचे?" बोरिवलीहून आलेले गृहस्थ, गाडी होंडा सिटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरी असलेली. चारही चाकं आम्ही उघडली होती. तीन तास काम चाललं आणि बिलात पार्टच्या रकान्यात फक्त ब्रेक ऑइल आणि ग्रीस. प्रश्न रास्तच होता. आमच्या धंद्याची गेल्या काही वर्षांतली सगळी ओढाताण याच प्रश्नाची आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

गॅरेज बाबांचं. १९९१ साली चिपळूणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ते सुरू केलं. त्याआधी दहा वर्षं मुंबईत एका मेस्त्रीच्या हाताखाली काढली होती. तेव्हा दारात यायच्या त्या अँबेसेडर आणि फियाट, चारी चाकांना ड्रम. कुंभार्ली घाट उतरून आलेली गाडी उभी राहिली की आधी जळक्या लायनरचा (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीचा) वास आत यायचा आणि मग ड्रायव्हर. बाबा ब्रेक शू काढायचे, जुनं लायनर उडवून नवं रिबिट मारून बसवायचे, पाना फिरवून चाकाला जेमतेम घासेल इतकं सेट करायचे. गावाच्या एका अंगाला कुंभार्ली, दुसऱ्या अंगाला परशुराम घाट. "घाट आपल्याला जेवायला घालतो," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. गाडी जितकी ब्रेक खाणार, तितकी आमची चूल पेटणार.

मी आयटीआय करून २००६ मध्ये त्यांच्या हाताखाली आलो. ड्रमच्या जागी पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्हीकडून दाबतात ते पॅड) आली, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आलं, पण हिशोब तोच राहिला: घाटातली टॅक्सी पंचवीस-तीस हजार किलोमीटरला पुढचे पॅड संपवायची आणि आम्ही नवे घालायचो. या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धंदा बरा चालला होता आणि आम्ही सुस्त झालो होतो.

पहिली हायब्रिड आली ती २०१६ साली. लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या साहेबांची टोयोटा कॅमरी. ही गाडी २०१३ पासून बंगळुरूजवळच्या बिडदीला जोडली जाते. साहेबांना मागून कुईं-कुईं आवाज येत होता आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला मीटिंग होती. आवाज ब्रेकचा, ब्रेक आमचा विषय, म्हणून मी जॅक लावला.

पुढे जे झालं ते आजही नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. मागचं कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, सोडून मी तारेने बांधून ठेवलं होतं. गाडी बंद. म्हणजे मला बंद वाटत होती. माझा चुलतभाऊ साहेबांची फाइल काढायला पुढचं दार उघडून आत वाकला. दार उघडताच कुठूनतरी पंप घुरघुरला आणि आत वाकताना त्याचा पाय पेडलवर पडला. कॅलिपरमधला पिस्टन सरकत बाहेर आला आणि ब्रेक ऑइलची धार माझ्या बुटावर. या गाडीत पेडल म्हणजे नुसता निरोप देणारा. खरा दाब आधीच एका साठवण टाकीत भरून ठेवलेला असतो. दार उघडलं की गाडी समजते, मालक आला, आणि पंप चालू करून तयारीत बसते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पिस्टन परत बसवला, ऑइल भरलं, नेहमीसारखं एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने निपल उघडायचा, अशी हवा काढायला गेलो, तर डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटले. त्या ब्रेकची हवा नीट काढायची तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावून पंप आणि व्हॉल्व्ह क्रमाने चालवावे लागतात. माझ्याकडे स्कॅनर नव्हता. गाडी फ्लॅटबेडवर चढवून अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवली. टोइंगचा आणि तिथला खर्च आम्ही दिला. साहेब एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

बाबांचं म्हणणं, असल्या गाड्यांना हात लावायचा नाही. मी महिनाभर गप्प होतो. मग पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक काका स्कूटर घेऊन आले आणि बोलता बोलता त्यांनी या गाडीचं ब्रेक लागणं ज्या भाषेत समजावलं, ती आमच्याच गावची होती. कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून खाली पोफळीला येतं, टर्बाइन फिरवतं, वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं. "तुझी ती गाडी घाट उतरते ना, तेव्हा ती स्वतःच पाणी आणि स्वतःच टर्बाइन," काका म्हणाले. चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करून बॅटरीत टाकते आणि ते करताना जो अडथळा होतो तोच ब्रेक. पॅड डिस्कला टेकतसुद्धा नाहीत. अगदी शेवटी, माणूस चालतो तितक्या वेगाला आल्यावर, किंवा जोरात ब्रेक मारला तर पॅड कामाला येतात. "आणि शिवसागर भरला तर?" कोयनेच्या जलाशयाबद्दल मी विचारलं. "मग दरवाजे उघडावे लागतात. बॅटरी भरली की वीज ठेवायला जागा नाही, मग इंजिनाने आणि तुझ्या पॅडनीच गाडी धरायची." कुंभार्ली उतरताना नेमकं हेच होतं. या गाड्यांची बॅटरी पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने अगदी लहान, सिटीची तर एक युनिटसुद्धा मावणार नाही एवढी. घाट संपायच्या आधीच ती भरते. वरच्या वळणांवर हलक्या पायाने थांबणारी गाडी खाली आल्यावर पेडलला वेगळी वाटते आणि चाकरमानी घाबरून आमच्याकडे येतो. पुष्कळदा त्यात बिघाड काही नसतो. शेवटी ज्या पॅडनी वर्षभर काही केलेलं नाही, त्यांच्यावर अचानक भार येतो, एवढंच.

तर वर्षभर काही न केलेले पॅड. माझ्या धंद्याचं गणित इथे उलटं झालं. पेट्रोल गाडीचे ब्रेक वापरून मरतात, हायब्रिडचे न वापरून. ८५ हजार किलोमीटर झालेल्या एका कॅमरीचे पुढचे पॅड मी मोजले तर अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि आम्ही ३ वर आला की बदलतो. या हिशोबाने तिला अजून कित्येक वर्षं पॅड लागणार नव्हते. पण त्याच गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा आतला पॅड लोखंडाला टेकला होता. बाहेरचा कोरा. कारण कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं, त्यातली एक गंजून जाम झालेली. बाहेरून रिममधून टॉर्च मारून बघणारा म्हणेल, पॅड नवा आहे. आमच्या कोकणात हवेत खारटपणा, चार महिने पाऊस, त्यात मुंबईच्या सोसायटीत महिनोन् महिने उभी गाडी. पेट्रोल गाडीत रोजच्या घासण्याने डिस्कवरचा गंज आपोआप निघून जातो. इथे तो बसून राहतो, खड्डे पाडतो आणि मग डिस्कच फेकावी लागते. किती जाडीपर्यंत चालेल तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. तो घासून साफ करून वाचायचा, तो वाचल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

आणि मग २०२१ आलं. २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी शेडमध्ये शिरलं. सकाळी गल्लीत पत्र्याच्या कडेला लागलं होतं. कॉम्प्रेसर, दोन जॅक, बाबांचा १९९१ पासूनचा पान्यांचा डबा, गिऱ्हाइकांच्या पाच गाड्या. पाणी उतरल्यावर जो चिखल राहिला त्याचा वास मी वर्णन करणार नाही, ज्यांनी काढला त्यांना माहीत आहे. पुढचे दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही, फक्त पुरातल्या गाड्यांचे ब्रेक. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाड्यांचे लायनर ड्रमला चिकटलेले, ब्रेक ऑइल दुधासारखं पांढरं. पुरात बुडालेल्या एका हायब्रिडला मात्र आम्ही बोटही लावलं नाही. नारिंगी वायरींमधून शेकडो व्होल्ट वाहतात, आणि ते आमचं काम नाही.

त्या दोन महिन्यांत गाळ काढताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: गेलंच आहे सगळं, तर जुनंच पुन्हा कशाला उभं करायचं? बँकेचं कर्ज काढलं, जागा वरच्या बाजूला भाड्याने घेतली आणि पहिली खरेदी केली ती स्कॅनरची. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दोन रॅम्पच्या पैशांत एक डबा आणलाय म्हणून.

२०२२ मध्ये सिटी हायब्रिड बाजारात आली आणि तो डबा कामाला लागला. या गाडीत चारही चाकांना डिस्क, आणि पार्किंग ब्रेक बटणावर. मागच्या कॅलिपरलाच छोटी मोटर जोडलेली. स्कॅनरने ती आधी पाठीमागे घ्यायची, मग पिस्टन आत ढकलायचा. दुसरीकडे कुणी शिकंजा लावून जबरदस्तीने दाबला आणि आतले दाते गेले, अशा दोन गाड्या आमच्याकडे आल्या. त्यांच्यावर हसावंसं वाटलं नाही, कारण बुटावरची ती धार आठवली.

कामाची पद्धत आता ठरलेली आहे. गाडी बंद केली की किल्ली दूरच्या डब्यात. खिशात ठेवली तर गाडीला मालक जवळच वाटतो. दाराला लाल पट्टी, कुणी उघडायचं नाही. कॅमरी असेल तर आधी स्कॅनरवरून ब्रेकचा पंप झोपवायचा. मग प्रत्येक पिन काढून, पुसून, रबरी बूट तपासून ब्रेकचंच ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड ज्या पत्र्यांत सरकतात तिथला गंज घासून काढायचा. धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. चाकाचे नट टॉर्क पान्याने, ठरल्या जोराइतकेच आवळायचे. ब्रेक ऑइल पावसाळ्याआधी तपासायचं, कारण ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ जातीचं ऑइल कोरं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरल्यावर तीच हमी १५५ वर येते. पॅड झिजला नाही म्हणून ऑइल जुनं होत नाही असं नाही, आणि घाटाच्या तळाशी, बॅटरी भरलेली असताना, तेच ऑइल कामाचं असतं.

बोरिवलीच्या त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगत बसलो नाही. त्यांच्या गाडीच्या दोन पिना मी मुद्दाम न पुसता बाजूला ठेवल्या होत्या, त्या कागदावर मांडल्या. एक सरळ, चकचकीत. दुसरी तांबडी, बोटाने फिरवली तर पावडर सांडणारी. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि पैसे दिले. पुढच्या वर्षापासून जुनी पिन दाखवूनच बिल द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. पार्टमागे पैसे मिळायचे ते आता मजुरीतून काढावे लागतात, आणि चिपळुणात मजुरीला किंमत देणारं गिऱ्हाईक एकेक करून तयार करावं लागतं. दोन पोरांचे पगार, कर्जाचा हप्ता, स्कॅनरच्या अपडेटची वर्षाची फी. काही महिने जमतं, काही महिने नाही.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. चार मुंबईकरांनी गावच्या घरी ठेवलेल्या हायब्रिड गाड्या त्यांच्याकडे सोपवल्यात. दर रविवारी ते एकेक बाहेर काढतात. बायपासच्या सपाट, रिकाम्या तुकड्यावर नेऊन आरशात मागे कुणी नाही बघतात, गियर न्यूट्रलला टाकतात आणि चार-सहा वेळा ब्रेक मारतात. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही, सगळं काम पॅडना करावं लागतं, डिस्क घासून लख्ख होते. ज्या माणसाने तीस वर्षं प्रत्येक ड्रायव्हरला न्यूट्रलमध्ये घाट उतरलास तर कानाखाली देईन असं बजावलं, तो हे करतो. परत आले की चाकाला हाताची पाठ लावून बघतात, गरम लागलं की वहीत तारीख लिहितात. गाडीमागे तीनशे रुपये घेतात. ते वेगळ्या डब्यात ठेवतात, मला दाखवत नाहीत.