व्हेरो बीच ते सेब्रिंग: वैमानिक होताना

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मायामी आणि केप कॅनाव्हेरल यांच्या मधे, व्हेरो बीच नावाचं छोटं, शांत गाव आहे. लोक इथे समुद्रासाठी येतात, मी आले विमानतळासाठी. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकी नौदलाचा हवाई तळ होता. आता त्याच आवारात पायपर विमानांचा कारखाना आहे. मी ज्या पायपर आर्चरवर शिकले, ते विमान इथलंच. आपण जे यंत्र हातात धरतो ते पलीकडच्याच शेडमध्ये घडलंय, याचं मला शेवटच्या दिवसापर्यंत अप्रूप वाटत राहिलं.

मी नाशिकची. ओझरच्या एचएएल कारखान्यातली लढाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघत वाढले. नोकरी पुण्यात, आकाशाशी काही संबंध नसलेली. व्यावसायिक वैमानिक व्हायचं वय आणि इरादा दोन्ही नव्हते. मला हवा होता तो खासगी वैमानिकाचा परवाना, पीपीएल. बिनपगारी रजा मिळाली, व्हिसा झाला. परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या वाहतूक सुरक्षा विभागाची वेगळी मंजुरी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. तेही झालं. कागदपत्रांबद्दल एवढंच पुरे.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे या परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यात निदान २० तास इन्स्ट्रक्टरसोबत आणि १० तास एकटीनं. बहुतेकांना यापेक्षा बरेच जास्त तास लागतात. रात्रीचं उड्डाण, फक्त उपकरणांकडे बघून उडवण्याचा सराव, ६० प्रश्नांची लेखी परीक्षा आणि सगळ्यांत शेवटी चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा.

आर्चरला दार एकच, तेही उजव्या बाजूला. वैमानिक डावीकडे बसतो, म्हणून तो उजव्या पंखावर चढून आधी आत शिरतो आणि सरकत आपल्या जागी जातो. पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीनं उडायच्या, दिवशी इन्स्ट्रक्टर इंजिन चालू असतानाच उतरला, खाली वाकून अंगठा दाखवला आणि चालत बाजूला गेला. मी रिकाम्या सीटवरून आडवी होऊन दार ओढलं. बाजूची कडी लावली, मग छताजवळची दुसरी कडी फिरवली. दार दोनदा ढकलून पाहिलं. रोज हे काम त्याचा हात करायचा. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरनं परवानगी दिली आणि एक माणूस कमी झाल्यामुळे विमान नेहमीच्या खुणेच्या कितीतरी आधीच जमीन सोडून वर गेलं. इतकं हलकं ते मला कधीच लागलं नव्हतं. मी मोठ्यानं बोलत होते, मराठीतच. वेग बघ, पंप चालू, फ्लॅप एक खाच. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी. त्यासाठी दोन सीटांच्या मधे गाडीच्या हँडब्रेकसारखा दांडा असतो. तो ओढताना हाताला हवेचा दाब कळतो. बटणवाल्या विमानात ही जाणीव मिळत नाही.

उतरल्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे माझ्या टी-शर्टचा पाठीकडचा तुकडा कापला, त्यावर तारीख लिहिली आणि वर्गातल्या भिंतीवर लावला. पूर्वी उघड्या विमानात गुरू मागच्या सीटवर बसायचा आणि आवाज पोचत नाही म्हणून शिष्याचा शर्ट मागून ओढायचा. आता ओढायची गरज उरली नाही, असं त्यामागचं कारण सांगतात. मला हा रिवाज फार आवडला.

पण मी खरी शिकले ती जमिनीवर, हवामानाच्या पडद्यासमोर.

उन्हाळ्यात फ्लोरिडाचं आकाश घड्याळ लावल्यासारखं वागतं. सकाळी निरभ्र. दहा-अकराच्या सुमाराला कापसाचे पुंजके. दुपारी एका बाजूनं अटलांटिकवरचा वारा आत येतो, दुसऱ्या बाजूनं मेक्सिकोच्या आखातावरचा. दोन्ही वारे द्वीपकल्पाच्या मधोमध एकमेकांवर आदळतात, हवा वर फेकली जाते आणि बघता बघता गडगडाटी ढगांची भिंत उभी राहते. अमेरिकेत सर्वांत जास्त गडगडाट या पट्ट्यातच होतो. जोरदार वादळापासून निदान २० मैल लांब राहा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात ते वाचणं वेगळं आणि ३,५०० फुटांवरून तो काळा पायथा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं वेगळं.

लांब पल्ल्याच्या सोलोसाठी मी व्हेरो बीच–लेकलँड–सेब्रिंग–व्हेरो बीच असा त्रिकोण आखला होता. नियमाला एकूण १५० सागरी मैल आणि तीन ठिकाणी उतरणं लागतं, त्यातला एक टप्पा ५० मैलांहून लांब हवा. वाटेत एव्हॉन पार्कची सरावभूमी लागते. तिथे लष्करी विमानं बॉम्बफेकीचा सराव करतात, म्हणून तेवढं आकाश प्रतिबंधित. नकाशावर त्याच्या उत्तरेनं, लेक किसिमीच्या अंगानं रेघ ओढली. उत्तरेकडे फार सरकलं तर ऑर्लँडोच्या मोठ्या विमानांचा इलाखा. इन्स्ट्रक्टरनं आखणी तपासली, वजनाचा आणि इंधनाचा हिशेब पाहिला आणि लॉगबुकात सही केली. सही झाली म्हणून निघायलाच हवं असं नाही, निघाल्यावर पुढे जायलाच हवं असंही नाही, एवढंच तो म्हणाला.

उजाडताच निघाले. सेंट जॉन्स नदीच्या उगमाजवळची दलदल, मग सरळ आखलेले कालवे, मग तळीच तळी. आर्चरमध्ये इंधन दोन्ही टाक्यांतून एकाच वेळी येत नाही. डावी किंवा उजवी, एकच निवडायची, म्हणून दर अर्ध्या तासानं टाकी बदलायची. गुडघ्यावरच्या कागदावर वेळ लिहायची आणि खटका फिरवायचा. लेकलँडला टॉवरशी बोलून उतरले. चक्रीवादळांच्या पोटात शिरून मोजमाप घेणारी अमेरिकेच्या हवामान संस्थेची विमानं २०१७पासून इथे असतात. त्यातलं चार पंख्यांचं धिप्पाड ओरायन दुरून दिसलं. वादळात मुद्दाम शिरणाऱ्या त्या माणसांबद्दल मनात अपार आदर दाटला.

सेब्रिंगला टॉवर नाही. रेडिओवर आपणच सांगायचं: मी कोण, कुठे आहे, कुठल्या धावपट्टीवर उतरतेय. आसपास असलेले ऐकतात आणि जागा देतात. युद्धकाळात इथे बी-१७ बॉम्बर चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण व्हायचं. नंतर त्याच काँक्रीटवर मोटारींची १२ तासांची शर्यत सुरू झाली, १९५२ साली, आणि ती अजून होते. मी उतरले, विमान दोऱ्यांनी बांधलं, रडारचं चित्र उघडलं. पूर्वेला, माझ्या आणि व्हेरोच्या मधे, ढगांची रांग लागायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. दोन ढगांमध्ये फट दिसत होती. घर जेमतेम ५० मैलांवर, म्हणजे अर्ध्या तासाचं अंतर. टाक्यांत भरपूर इंधन.

मी माझ्या उड्डाण शाळेत फोन करून सांगितलं, थांबतेय. पलीकडून एकही प्रश्न आला नाही. फक्त विचारलं, जेवलीस का? मग काउंटरवरच्या बाईंनी वेटिंग रूममधली आरामखुर्ची दाखवली. कुणी ओळखपत्र मागितलं नाही, बसायचे पैसे मागितले नाहीत. अमेरिकेत सर्वांना खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांवर लहान विमानवाल्या वाटसरूचं असंच स्वागत होतं. आपल्याकडे धर्मशाळा जी सोय करायची, तीच ही. आपल्या देशातही गावोगावी अशी साधी धावपट्टी आणि एक पंख्याची खोली असावी, असं मला त्या खुर्चीत बसून फार मनापासून वाटलं. या सोयीसाठीही आपली मुलं शिकायला इतक्या दूर येतात.

दुपारभर विजा चमकल्या. पाऊस पडून गेला की जमीन थंड होते, ढगांचं इंधनच संपतं. पाच वाजून गेल्यावर रडारवर फिकट हिरवे डाग उरले होते, नंतर तेही पुसले गेले. दिवस मावळायला पुष्कळ अवधी होता. धुतलेल्या स्वच्छ हवेतून परतले.

चेकराइड घेणारा परीक्षक शाळेचा नसतो; सरकारनं नेमलेला स्वतंत्र माणूस असतो. आधी तोंडी परीक्षा. त्यांनी मला फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या ‘की वेस्ट’ बेटावर जाण्याची आखणी करून आणायला सांगितली होती. मागे दोन प्रवासी, त्यांच्या बॅगा. विमानाचं कमाल वजन २,५५० पौंड, इंधन गॅलनला ६ पौंड. सगळ्या टाक्या भरल्या तर माणसं जास्त होतात, माणसं घेतली तर इंधन कमी घ्यावं लागतं. मग ते एकेक गोष्ट बदलत गेले. आता ढग इतक्या उंचीवर आले, आता उजेड कमी झाला, आता प्रवासी म्हणतोय की संध्याकाळी लग्न आहे, पोचलंच पाहिजे. पाठांतर तपासायचं नव्हतंच त्यांना. विमानाचा प्रमुख कोण आणि तो शेवटचा शब्द उच्चारू शकतो का, एवढंच ते वेगवेगळ्या बाजूंनी विचारत होते. सेब्रिंगची ती दुपार गाठीशी होती, म्हणून मला उत्तरं शोधावी लागली नाहीत.

मग उड्डाण. ४५ अंश कलवून पूर्ण गिरकी, उंचीत १०० फुटांपेक्षा जास्त फरक नको. कमी वेगातलं उडणं, स्टॉल (पंखांची उचल मुद्दाम हरवून विमान पुन्हा सावरणं), आणि मग अचानक त्यांनी थ्रॉटल मागे ओढला: इंजिन बंद पडलंय असं समज. इंजिनाशिवाय तरंगत जायचा ७६ नॉट (ताशी सागरी मैल) वेग धरला, जागा शोधली. खाली लांबच लांब कुरण होतं, त्यात पांढरी, वशिंडं असलेली गुरं. ही ब्राह्मण गुरं. अमेरिकनांनी गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या जातीच्या भारतीय गुरांपासून शंभर वर्षांपूर्वी ही जात तयार केली, कारण त्यांना इथला उकाडा आणि गोचिड्या सोसतात. गुरं एका कडेला होती, म्हणून दुसरी, वाऱ्याकडे तोंड असलेली बाजू निवडली आणि ती बोलून दाखवली. पुरेसं खाली आल्यावर त्यांनी इंजिन परत दिलं. व्हेरोला उतरून विमान उभं केलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. दहा मिनिटांत माझ्या हातात छापील कागद होता: तात्पुरता परवाना, मुदत १२० दिवस. कायमचं कार्ड नंतर टपालानं येतं, त्यावर राइट बंधूंची चित्रं असतात.

त्या शनिवारी ऑर्लँडोहून माझी मावसबहीण आणि भाऊजी आले. ताईनं थालीपीठं आणि दही आणलं होतं. माझे पहिले प्रवासी. सकाळी आठला समुद्रावरून खाली झुकलेला करडा थर धावपट्टीवर येऊन बसला. मी दर तासाचा अहवाल बघत राहिले. दहा वाजता थर उचलला, पण दक्षिणेकडे ढग वर चढायला लागले होते. मी म्हटलं, "ताई, आज नाही." भाऊजी दोन तास गाडी चालवून आले होते. ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं. आम्ही रात्री इथेच राहतो."

रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. ताईला उजव्या सीटवर बसवलं, भाऊजींना मागे. दोन्ही कड्या कशा उघडायच्या ते ताईकडून दोनदा करून घेतलं, पट्टे ओढून पाहिले, माझा हात वर झाला की कुणी बोलायचं नाही हे सांगितलं. किनाऱ्याच्या कडेनं सेबॅस्टियनच्या खाडीपर्यंत गेलो. भाऊजींनी मागून विचारलं, खालचे ते काळे ठिपके कसले? मी विमान थोडं कलवलं. पाण्यात मानटी होते, समुद्रगाई, पिल्लासह. ताई रडत होती आणि हसतही होती.

उतरल्यावर भाऊजींनी पाकीट काढलं. विमानाचं भाडं, इंधन, सगळं मीच देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. या परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. खर्च वाटून घेता येतो, पण वैमानिकानं आपल्या वाट्याहून कमी द्यायचं नाही. तिघं होतो, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. ताईनं पावतीच्या मागे पेननं भागाकार केला, आपले आणि भाऊजींचे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात आईला आणते. तिच्यासाठी सकाळी किती वाजता यायचं?"