लाल फास्ट, हिरवी स्लो

काल दुपारी पडदे ओढून घरात मिट्ट अंधार केलेला, काजळी उडते म्हणून पंखाही बंद, ऑक्टोबरात, बोरिवलीत, विचार करा. लेकीचं बारावीचं प्रोजेक्ट. काचेवर मेणबत्तीची काजळी धरायची, दाढीची दोन ब्लेडं एकावर एक ठेवून एक ओरखडा मारायचा, झाल्या दोन फटी, एकमेकींपासून ब्लेडच्या जाडीएवढ्या लांब, म्हणजे 0.1 मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लाल लेसर त्यातून सोडला तर तीन मीटरवरच्या भिंतीवर एक ठिपका नाही, ठिपक्यांची रांगच. पट्टी लावली, साधारण दोन सेंटिमीटरला एक. मग हिरवा सोडला, तर त्याचे ठिपके 1.6 वर. उजेड म्हणजे लाटाच, लाल लाट 650 नॅनोमीटर लांबीची, हिरवी 532ची, लांब लाटेची टांग लांब.

मला वाटलं दोन्ही एकदम सोडले की काहीतरी भांडण होईल. कसलं काय! मधला ठिपका पिवळा, आणि तिथून दोघं आपापले निघाले, लाल फास्ट लोकल, हिरवी स्लो, आणि लालचा चौथा अन् हिरव्याचा पाचवा जवळजवळ एकावर एक, तिथे परत पुसटसा पिवळा, जसं काही दादर आलं. मी हे बोललो तर लेक म्हणाली बाबा, हे जर्नलमध्ये लिहिता येत नाही.

ती सांगत होती, या प्रयोगाला ज्याचं नाव आहे तो थॉमस यंग पेशाने डॉक्टर, 1803 मध्ये त्याने खिडकीच्या भोकातून कवडसा घेतला आणि त्यात पुठ्ठ्याची बारीक पट्टी उभी धरली, बस. मला आमची लालबागची खोली आठवली. दोन बोटं अगदी चिकटत आणायची आणि फटीतून ट्यूबलाईटकडे बघायचं, काळ्या बारीक रेघा दिसतात, तुम्हीही केलंच असेल. (ही एकच फट, दोन नाही, लेकीने लगेच सुनावलं.) अभ्यास सोडून माझा तोच धंदा, त्यावरून आईचा धपाटाही खाल्लाय.

1982च्या गिरणी संपात बाबा घरीच असायचे. रात्री आम्ही झोपल्यावर गॅलरीत बसायचे, हात तोंडावर, बोटं किंचित फाकलेली, समोर रस्त्यावरचा दिवा. मी पांघरुणातून बघायचो. मला वाटायचं, बाबापण रेघा मोजतायत.