बुधवारची पाच तिकिटे

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर, आम्ही पाच जण सात रात्रींसाठी सिंगापूरला जाऊन आलो : मी, माझे पती, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सहल अर्धी जहाजावर आणि अर्धी थीम पार्कमध्ये घालवायची, हा माझाच हट्ट होता. मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओ हवा होता, सासूबाईंना दिवसभर उन्हात चालणे जमणार नव्हते, आणि एकाच सहलीत दोन्ही पिढ्यांचे समाधान करायचे तर जहाजासारखी सोय नाही, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. चूक कल्पनेत नव्हती. ती जहाज आणि थीम पार्क यांच्या जोडावर, म्हणजे बुधवारी दुपारी झाली, आणि त्या दुपारचा राग अजून पुरता गेलेला नाही म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या शहरातल्या एका टूर एजंटने आखणी करून दिली होती. शुक्रवारी सकाळी सिंगापूर, दोन रात्री शहरात, रविवारी जहाजावर, सोमवारी मलेशियातले पोर्ट क्लांग, मंगळवारी तिथलेच पेनांग, बुधवारी परत, आणि मग सेंटोसा बेटाजवळच्या हॉटेलात दोन रात्री. कागदावर बुधवारच्या रकान्यात लिहिले होते, ‘क्रूझवरून उतरणे, त्यानंतर युनिव्हर्सल’. त्या ‘त्यानंतर’ या शब्दावर मी बोट ठेवून प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही. युनिव्हर्सलची तिकिटे तारीखवार असतात आणि आमची पाचही तिकिटे बुधवारची, परतावा न मिळणारी होती. जहाज बंदराला लागण्याची वेळ दुपारी बारा आहे, हे मी जहाजावर चढल्यानंतर खोलीतल्या माहितीपत्रकात वाचले.

व्हिसाचे काम सुरळीत झाले, तरी त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो आणि तो ईमेलने येतो. जहाज मलेशियाच्या बंदरांना जाऊन परत येते, त्यामुळे तुम्ही सिंगापूर देश सोडून पुन्हा त्यात प्रवेश करता, मग जहाज कितीही ‘सिंगापूर पॅकेज’मध्ये छापलेले असो. म्हणून हातात आलेला व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, ती ओळ घरातल्या प्रत्येकाच्या कागदावर वेगवेगळी वाचावी. आमच्या पाचही कागदांवर अनेक प्रवेशांची नोंद होती. मलेशियासाठी १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र त्यांचे डिजिटल आगमनपत्र भरावे लागते, ते आम्ही वेळेत भरले. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि लहान मुलांची पारपत्रे पाचच वर्षांची असल्यामुळे त्यांच्याच बाबतीत ही गोष्ट नजरेतून सुटते.

आता मुख्य अडचणीकडे येते.

सिंगापूरमध्ये उतरण्यापूर्वी ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा, म्हणजे सिंगापूरच्या आगमनपत्राचा, एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो मोफत आहे. (शोधयंत्रात आधी दिसणारी काही संकेतस्थळे त्यासाठी पैसे घेतात, आणि माझ्या पतींनी पहिल्या खेपेस अशाच एका ठिकाणी कार्डाचा क्रमांक टाकायला घेतला होता. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘जीओव्ही’ आणि ‘एसजी’ ही अक्षरे आहेत का, ते पाहावे.) हा फॉर्म आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतो. शुक्रवारी उतरायचे म्हणून आम्ही बुधवारी रात्री घरी बसून, सगळी पारपत्रे टेबलावर पसरून, तो निवांत भरला होता.

रविवारी मरीना बे क्रूझ सेंटरवर चढण्याच्या रांगेत असताना तिथल्या एका मुलीने मला अगदी सौजन्याने सांगितले, की परतीच्या दिवशीसाठी हे कार्ड पुन्हा भरावे लागेल. मी तिथेच, फुकट वायफायवर, फोन काढून बसले. फॉर्म बुधवारची तारीख घेईना. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे बोटांवर मोजले असते, तर रविवार हा चौथा दिवस होतो आणि फॉर्म भरण्याची खिडकी सोमवारी उघडते, हे मला तेव्हाच कळले असते. तीन रात्रींच्या सहलीचा हाच पेच आहे, की जमिनीवर इंटरनेट हाताशी असते तेव्हा फॉर्म उघडत नाही आणि फॉर्म उघडतो तेव्हा तुम्ही समुद्रात असता. मी हिशेब करण्याऐवजी एजंटला संदेश पाठवला. त्याचे उत्तर दोन मिनिटांत आले, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, एकदा भरलं की पूर्ण ट्रिपला चालतं.’ आणि मी, जी बँकेत वीस वर्षे इतरांचे फॉर्म तपासते आहे, त्या वाक्यावर विश्वास ठेवून फोन पर्समध्ये टाकला.

जहाजावरचे तीन दिवस चांगले गेले आणि त्यांच्याविषयी मला फारसे सांगायचे नाही. सासूबाईंना शाकाहारी जेवण मिळाले, मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या मिळाल्या, आणि सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची असते ती झाली. समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवा, कारण जहाजाचे मोबाइल जाळे आपोआप जोडले गेले तर बिल पाहून डोळे पांढरे होतात. मंगळवारी पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि तिथून जॉर्ज टाऊनचे जुने शहर पायी गाठता येते. १८३३ मधले मारिअम्मन मंदिर पाहून सासूबाई इतक्या खूश झाल्या, की पुढे लिटल इंडियातल्या एका उपाहारगृहात आम्ही तासभर डोसे आणि चहा घेत बसलो. त्या उपाहारगृहात वायफाय होते. सिंगापूरच्या आगमनपत्राची खिडकी आदल्या दिवशीच उघडली होती. त्या वायफायवर मी नणंदेला मंदिराचे फोटो पाठवत होते.

त्याच रात्री, सांगितल्याप्रमाणे, आम्ही बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या खोलीबाहेर ठेवल्या. या बॅगा दुसऱ्या दिवशी इमिग्रेशन ओलांडल्यानंतरच ताब्यात मिळतात. आमच्या बॅगेत काय काय गेले, ते लिहिताना आजही चिडायला होते : व्हिसाच्या छापील प्रती, दोन्ही चार्जर आणि पॉवर बँक.

बुधवारी बारा वाजता जहाज लागले आणि आमच्या गटाचा पुकारा सव्वा वाजता झाला. इमिग्रेशनच्या सभागृहाच्या तोंडाशीच एका कर्मचाऱ्याने आगमनपत्र विचारले. मी मोठ्या आत्मविश्वासाने शुक्रवारचा ईमेल दाखवला. त्याने तारखेवर बोट ठेवले आणि आम्हाला बाजूला उभे राहायला सांगितले. त्याचे काहीच चुकले नव्हते, म्हणून राग काढायलाही कोणी समोर नव्हते.

माझ्या फोनमध्ये नऊ टक्के चार्ज उरला होता, कारण सकाळपासून मी बंदराची चित्रफीत घेत होते. पतींच्या फोनला तिथले सिमकार्ड नव्हते. एवढ्यात मुलाला लघवीला जायचे झाले, पती त्याला घेऊन गेले, आणि पाचही पारपत्रे असलेली थैली त्यांच्या गळ्यात होती. ते परत येईपर्यंत मी थांबले असते तर दहा मिनिटेच गेली असती. पण बाहेर युनिव्हर्सलची वेळ पळत होती, आणि फोनमध्ये पारपत्रांचे फोटो होते, म्हणून मी तशीच भरायला लागले. प्रवासाचा मार्ग, जहाजाचे नाव, आधीचे शहर, हॉटेलचा पत्ता, आरोग्याचे प्रश्न, हे सगळे पाच वेळा. आमच्या चौघांचे झाले. सासूबाईंच्या पारपत्राचा फोटो अंधुक होता, त्यातून क्रमांक कसाबसा लागला, जन्मतारीख मात्र दिसेना. मी ती तोंडपाठ लिहिली, कारण दरवर्षी केक मीच आणते.

ज्यांच्या घरी त्या पिढीची माणसे आहेत, त्यांच्या लक्षात आलेच असेल. सासूबाईंचा वाढदिवस ऑगस्टात असतो. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून पारपत्रावर आणि व्हिसावर, १ जून आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या वर्गाला एकच जन्मतारीख दिली होती.

पती परत आले, आम्ही पुन्हा रांगेत लागलो. पारपत्र तपासणीचा स्वयंचलित मार्ग सहा वर्षांखालील मुलांना चालत नसल्यामुळे आमच्या वाट्याला माणसाची खिडकी होती. तिथे चौघांचे ठीक झाले आणि सासूबाईंची नोंद जुळेना. तरुण अधिकारी शांतपणे म्हणाला, की जन्मतारीख वेगळी आहे, कार्ड पुन्हा भरून या. सासूबाईंनी मला विचारले, ‘काय गं, माझंच काही चुकलं का?’ त्या प्रश्नाने मला जेवढे लाजवले, तेवढे एजंटच्या सगळ्या थापांनीही लाजवले नसेल. मी फोन काढला आणि तो माझ्या हातात बंद पडला.

पुढची पन्नास मिनिटे अशी गेली, की मुलगी जमिनीवर बसून राहिली, मुलगा झोपला, आणि मी अनोळखी लोकांच्या हातांकडे पॉवर बँक शोधत हिंडले. शेवटी नागपूरच्या एका कुटुंबाने ती दिली, वर त्यांच्याजवळचे थोडे खाकरेही दिले. त्यांनी स्वतःचे आगमनपत्र पोर्ट क्लांगला सोमवारीच भरले होते. त्यांच्या काकांनी मला अगदी साधेपणाने सांगितले, की ‘आम्ही मोजलं ना, तीन दिवस’. फोन सुरू झाला, कार्ड भरले, ईमेल आला, आणि आम्ही तीन वाजून वीस मिनिटांनी बॅगांपाशी पोहोचलो. माझ्या बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ती पॉवर बँक होती.

हॉटेलवर पोहोचेपर्यंत साडेचार झाले. पार्क त्या दिवशी सात वाजता बंद होणार होते. सासूबाईंचे पाय सुजले होते, आणि दोन तासांसाठी सगळ्यांना फरफटत नेण्याचे धैर्य मला झाले नाही. एजंटला फोन केला, तर तिकिटे बदलता येत नाहीत, एवढेच उत्तर आले. सुमारे बावीस हजार रुपये असे गेले. तो आगमनपत्राविषयीचा संदेश त्याने नंतर पुसून टाकला होता, पण मी त्याचे छायाचित्र आधीच काढून ठेवले होते, आणि या एका गोष्टीचा मला अभिमान आहे. त्या छायाचित्राच्या बळावर, परतल्यावर तीन आठवडे भांडून, त्याच्याकडून निम्मे पैसे वसूल केले.

आता कोणी विचारले, तर मी जहाज मधोमध ठेवू नका असे सांगते. जहाज आधी घ्यावे, उतरण्याचा दिवस पूर्ण रिकामा ठेवावा, त्या दिवशी फार तर तळ्याकाठी बसावे, आणि तारखेचे कोणतेही तिकीट दुसऱ्या दिवसापासून घ्यावे. जहाज शेवटी ठेवायचे असेल, तर परतीचे विमान त्याच रात्रीचे नको. सामान मोठे असेल तर हॉटेलवाले ते सांभाळतात, जहाजावर प्रत्येकाने उचलता येईल एवढीच पिशवी न्यावी, म्हणजे ती खोलीबाहेर ठेवण्याची वेळच येत नाही. क्रूझच्या दरात प्रत्येक रात्रीची, माणशी सेवारक्कम (टिप) धरलेली आहे का, तेही विचारावे, आमच्यात ती नव्हती. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख कधीही आठवणीने लिहू नये.

गुरुवारी आम्ही चौघांची नवी तिकिटे काढून गेलो, सासूबाई ‘तुम्ही जा, मला झोप हवी आहे’ म्हणून खोलीत राहिल्या. पार्क उघडण्याच्या अर्धा तास आधी दाराशी उभे राहिले, की पहिल्या दोन राइडना रांग लागत नाही. मुलाची उंची घरीच मोजून न्यावी. आमचा १०४ सेंटिमीटरचा होता, त्यामुळे १०२ ची अट असलेल्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये बसला, पण १२२ ची अट असलेल्या ममीच्या दाराशी रडला. मुलगी एकटी आत जाऊन आली आणि तिने दिवसभर ते त्याला ऐकवले. दुपारी दोनला विजा कडाडल्या आणि उघड्यावरच्या राइड तासभर थांबवल्या, तेव्हा आम्ही २०२५ मध्ये सुरू झालेल्या मिनियन लँडमध्ये छपराखाली शिरलो. सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश वर आहे, त्यामुळे दुपारच्या अशा पावसाचे तिथे कोणाला नवल नसते.

बुधवारच्या पाच तिकिटांच्या छापील प्रती अजून घरात आहेत. सासूबाईंनी त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या करायला सुरुवात केली आहे, आणि मागच्या महिन्यात दुकानदाराने विचारल्यावर, ‘ही महागाची यादी आहे, जपून ठेवा’ असे त्यांनी त्याला सांगितले.